मिटलेले ओठ

वाणीची अधिष्ठात्री भगवती शारदा हिच्या चरणी मस्तक ठेवून, आणि ज्याचे स्मरण केल्यावाचून आमच्या घरात पाटीवर अक्षरही उमटत नसे त्या विघ्नहर्त्याला वंदन करून, हा लेख आरंभितो. निमित्त आमच्या राजापेठेतील लहानशा वाचनालयाच्या शारदोत्सवाचे आहे. तेथे येणाऱ्या, नुकतेच कथा-लेख लिहू लागलेल्या मुलामुलींनी मजपाशी हट्ट धरला, की लिहिताना बारीकसारीक गोष्टी कशा पाहाव्यात, कशा ध्यानात ठेवाव्यात, याविषयी काही सांगा. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकविले आणि चार यजमानांघरी पूजा सांगितली. कथा मात्र एकही लिहिली नाही. तथापि कथा लिहिणारा एक मनुष्य मी फार जवळून पाहिला. तो आता या लोकी नाही. त्याचेच चित्र या पोरांपुढे ठेवतो.

त्यांचे नाव लिहीत नाही. ‘नाव सांगतलं का मानूस पाहाचं थांबते,’ असे ते म्हणत. आमच्या शाळेत ते मराठी शिकवीत, आणि मुले त्यांना नुसते ‘मास्तर’ म्हणत. लिहीत ते प्रमाणभाषेत, अगदी ऱ्हस्व-दीर्घाची चूक न करता, पण बोलत मात्र अस्सल वऱ्हाडीत. पुण्याहून आलेल्या एका तपासनीसांनी यावर नापसंती दर्शविली, तेव्हा मास्तर शांतपणे म्हणाले, “साहेब, लेखनी शाळेची हाय. जीभ मायची हाय.”

अंगाने उंच, किंचित पुढे झुकलेले. कोणाच्याही घरी गेले की उंबऱ्याशी थबकत. आत या म्हटले तरी क्षणभर तेथेच उभे राहून दाराशी काढलेल्या चपला पाहत. यजमान अवघडून जाई. मास्तर आत येऊन बसत आणि सांगत, “तुमचे जावाई आले जी. अन् पायी आले, गाडीनं नाई.” चहाची कपबशी हाती आली की आधी कप फिरवून त्याचा कान पाहत. लग्नाला गेले तर वधूवरांकडे त्यांची पाठ असे. ते पाहत बसत वाढप्यांकडे, आणि मंगलाष्टके चालू असताना डोळे पुसावयाचे विसरून अक्षता मोजून टाकणाऱ्या एखाद्या वडिलांकडे.

एवढे पाहणारा मनुष्य टिपून ठेवीत असेल, असे कोणासही वाटेल. त्यांच्या खिशात कागदाचा कपटा नसे. “लिवून ठेवलं का डोकं म्हनते, झालं माह्यं काम. मंग ते इसरते. न लिवता जे राह्यते तेच आपलं,” हे त्यांचे मत. मी त्यांना एकदा म्हणालो, की आमच्याकडे वेदही असेच राखले गेले. ते खूश झाले आणि पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत सुटले, की शास्त्रीबुवांनी आपणांस वैदिक ठरविले आहे.

निवृत्तीनंतर राजापेठेत एका शिकवणी-वर्गाच्या माडीवर ते लेखनाचे धडे देत. खाली गणिताचा वर्ग चाले, रस्त्यावर दुचाक्यांचा अखंड गलबला, आणि वर मास्तर. मी सायंसंध्येपूर्वी तेथे जाऊन मागच्या बाकावर बसत असे. एका संध्याकाळी एका मुलीने आपल्या वडिलांविषयी लिहून आणले. ‘माझे बाबा म्हणजे कष्टाची मूर्ती,’ असा आरंभ होता.

“मूर्ती कोन्या देवळात बसोली?” मास्तरांनी विचारले.

मुले हसली. मुलगी गोरीमोरी झाली.

“बाबा काय करते तुहे?”

“झेरॉक्सचं दुकान हाये सर.”

“दुकान बंद करून घरी आले का पयलं काय करते?”

“हात धुते.”

“ते सारेच धुते. मंग?”

मुलगी खिडकीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मंग बोटं नाकाशी नेऊन पायते. मशीनच्या काया पावडरचा वास गेला का नाई ते. नाई गेला तं पुन्हा धुते. पोळीले हात लावाच्या आंधी.”

खालून गणिताच्या सरांचा आवाज ऐकू येत होता.

“हे लिव,” मास्तर म्हणाले. “मूर्ती राहू दे देवळातच.”

मज उपासकालाही त्यांच्या या दृष्टीने काही दिले आहे. आमची स्तोत्रे पाहा. देवीच्या मुकुटापासून पायींच्या नूपुरांपर्यंत भक्त एकेक अवयव, एकेक अलंकार आठवीत जातो, कारण ज्यावर प्रेम आहे त्याचे काहीही वगळवत नाही. ध्यान या शब्दाचा अर्थ मी शाळेत कित्येक वर्षे सांगितला. तो मला कळला मात्र या माडीवर.

एके सकाळी मास्तर माझ्या पूजेच्या वेळी येऊन बसले. पूजा संपल्यावर म्हणाले, “शास्त्रीबुवा, घरी कोनी बिमार हाय का?”

नातवाला रात्रीपासून ताप होता. मी कोणाला सांगितलेले नव्हते.

“तुमी रोज फूल वाहाच्या आंधी पाकळ्या नीट करता. आज फूल उचललं का ठेवलं. हात देवापाशी अन् कान आतल्या खोलीकडं.”

असे अनेकदा घडे, आणि त्यांचा तर्क बहुधा खरा ठरे. त्यामुळे तर्कावर त्यांचा विश्वास थोडा अधिकच बसला होता. एकदा आम्ही अकोल्याहून बसने परत येत होतो. समोरच्या आसनावर एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या भुवयांत आणि कानांच्या पाळ्यांवर कापसाचे बारीक तंतू अडकलेले होते. मास्तरांनी मला कोपराने खुणावले आणि जरा मोठ्यानेच म्हणाले, “जिनिंगमधले होय. पाळी संपून घरी चालले.”

गृहस्थ मागे वळले. “नाई जी. गादीवाला हाव मी. पोरीच्या लग्नाची गादी भरून देऊन आलो.”

सारी बस हसली, मास्तरही हसले. मी त्यांना म्हणालो, की आमच्या न्यायशास्त्रात प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन वेगळी प्रमाणे आहेत. कापूस तुम्हांस दिसला, हे प्रत्यक्ष. जिनिंगचा कारखाना तुम्ही जोडलात, हे अनुमान. ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, निरा कापूसच लिवला तं गोठ कशी होईन? काई तं जोडाच लागते ना.” तेवढ्यात बस बडनेऱ्याला येऊन थांबली.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगतो.

मास्तरांना एक थोरली बहीण. सारे तिला आक्का म्हणत. वलगावास काळ्या शेतीच्या मोठ्या घरात दिलेली. यजमान अकाली गेले, मूल नव्हते. पुतण्याला आक्कांनीच वाढविले, आणि शेतीचा कारभारही त्याच पाहत. बी-बियाणे, सोयाबीन, कापूस, मजूर, ट्रॅक्टर, सारे काही. मास्तरांची आई त्यांच्या लहानपणीच गेली होती, म्हणून त्यांच्या तोंडात घास घातला तोही याच बहिणीने. भाऊबीजेला मास्तर वलगावास गेले नाहीत असे कधी झाले नव्हते. हा मनुष्य त्या दिवशी सकाळपासून नवा सदरा घालून बसची वाट पाहत असे.

त्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, डोईवर तळलेल्या पदार्थांचा टांगलेला फुलोरा, पुढे सोळा भाज्यांचा आणि आंबिलीचा नैवेद्य. वैधव्य आल्यापासून आक्का त्या दिवसांत देवीपासून दूर असत. कोणी मनाई केली नव्हती, आणि कोणी ये असेही म्हटले नव्हते. त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून शंभर पानांचे जेवण निभावीत. साडी नेसविण्याचे, दागिने घालण्याचे काम पुतण्याच्या बायकोकडे, म्हणजे आक्कांच्या सुनबाईकडे होते.

एका वर्षी मास्तर जेवणास गेले होते. पंगती उठल्या, घर दुपारी आडवे झाले. मास्तर ओसरीवर लवंडले होते. डोळा उघडला तो दाराच्या फटीतून त्यांना दिसले, की आक्का एकट्याच कनिष्ठेपुढे बसल्या आहेत. देवीच्या निऱ्या उतरल्या होत्या. आक्का त्या एकेक करून पुन्हा चुणीत होत्या. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि खांदे किंचित हलत होते. काम झाल्यावर त्यांनी देवीच्या पायांवरून हात फिरविला आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मास्तरांनी हे कोणाला सांगितले नाही. कितीतरी वर्षे ते मनात राहिले, आणि मग त्याची कथा झाली. ती एका दिवाळी अंकात छापली गेली. नावे, गाव सारे बदललेले होते. शेवटचे वाक्य असे होते, की त्या बाईने हुंदका बाहेर पडू नये म्हणून ओठ घट्ट मिटून घेतले, आणि देवीच्या नव्या साडीवर तिच्या अश्रूंचा एक थेंब पडला. ज्यांनी ज्यांनी वाचले त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले.

पण निऱ्या, फुलोरा, देवीच्या पायांवरून फिरलेला हात. एवढी ओळख वलगावला पुरेशी होती. कोणी त्या पानांची छायाचित्रे काढून मोबाईलवर पाठविली, आणि दोन दिवसांत गावभर कथा फिरली. भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. आक्कांचा निरोप होता, “येऊ नको म्हना.”

मास्तर गेले नाहीत. नवा सदरा घडी उसकटून खुंटीवर टांगलेला होता, तो पुढे पुष्कळ दिवस तसाच राहिला. माडीवरचा वर्ग बंद पडला. आक्का फोन उचलीत नसत. याच काळात अकोल्याच्या एका प्रकाशकांनी त्यांचा कथासंग्रह काढावयाचे ठरविले होते आणि ही कथा त्यात शेवटी यावयाची होती. मास्तर मला म्हणाले, “शास्त्रीबुवा, गोठ काढून टाकतो. तिचं गुपित मी चव्हाट्यावर मांडलं. पन आंधी तिच्यापुढं उभं राहू द्या मले. तुमी संगं चला. तुमाले दारातून परत पाठवनार नाई ते.”

हिवाळा सरत आला असता आम्ही दोघे वलगावास गेलो. आक्का अंगणात खाटेवर बसून तुरीची पोती आत नेणाऱ्या मजुरांना सूचना देत होत्या. मला पाहून त्यांनी पदर सारखा केला. “या गुरुजी. बसा.” भावाकडे पाहिले नाही.

मास्तर उभेच राहिले. “आक्का, मी चुकलो. तुही चोरून केलेली सेवा म्या साऱ्या गावाले दाखोली.”

आक्कांनी आता पाहिले. “चोरून? कोन चोरून करून राह्यलं होतं गा? माह्या घरातली देवी, तिची निरी सुटली, म्या घातली. ते लिवलंस त्याचा राग नाई मले.”

“मंग?”

“मी रडली कवा?”

मास्तर गोंधळले. “तुहे ओठ मिटले होते. खांदे हालून राह्यले होते. म्या माह्या डोयानं पायलं.”

“पिना होत्या तोंडात,” आक्का म्हणाल्या. “साडीच्या पिना. निऱ्या धरू का पिना धरू? बायका तोंडातच धरते. तुले बायकोनं कवा सांगतलं नाई?”

आक्काच पुढे बोलल्या.

“अन् खांदे हासून हालून राह्यले होते. सुनबाईनं असी काई साडी नेसोली होती का कनिष्ठा निरा बाजारातून धावत आल्यावानी दिसून राह्यली होती. म्या मनात म्हनलं, थांब वं बाई, तुले मापात बसोतो. हासू येऊन राह्यलं होतं, अन् तोंडात पिना. हासली असती तं पोटात गेल्या असत्या. मनून दाबलं.” मग म्हणाल्या, “लय खूश होती मी त्या दिवशी. वर्सावर्सानं तिले हात लागला होता. अन् तू मले रडोलं. आता गावातल्या बाया येते अन् माहा हात धरून म्हनते, किती सोसलं वं आक्का. सुनबाई माह्यापुढं साडीचा डबा लपोते, मले वाईट वाटन म्हून. कारभार करनारी बाई मी. तुह्या एका थेंबानं बिचारी करून टाकली.”

मजूर पोती घेऊन थबकले होते. आक्कांनी त्यांना हाताने पुढे जा म्हटले.

मास्तर हळूच म्हणाले, “गोठ काढून टाकतो पुस्तकातून.”

“काढू नको. काढली तं लोक म्हनतीन, खरीच होती. येत्या महालक्ष्म्यायले ये. मांगून फटीतून नाई, समोर बसजो. पायजो. मंग लिवजो. तवपर्यंत भाऊबीज नाई न काई नाई.”

परतीच्या वाटेवर मास्तर एवढेच म्हणाले, “ओठ म्या बरोबर पायले होते, शास्त्रीबुवा.” पाहिलेले खरे होते, स्मरणही खरे होते. त्यांनी जोडलेला अश्रू तेवढा त्यांच्याच करुणेतून आला होता, आणि म्हणूनच तो त्यांना खोटा वाटला नव्हता. खोटे सहसा असेच शिरते. कठोर मनातून येते ते ओळखता येते, मायेतून येते ते येत नाही.

भाद्रपद आला. आवाहनाच्या दिवशी पूजा सांगावयास मलाच बोलावणे होते. मुखवटे पुसून ठेवलेले, दोन्ही देवींचे सांगाडे उभे, घर माणसांनी भरलेले. आक्का नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दाराशी होत्या. सुनबाईने साडीची घडी उलगडली, आणि ती हातात तशीच धरून मजकडे वळली.

“गुरुजी, कनिष्ठेले आक्कानं नेसोली तं चालन का?”

मला कळत होते, की या घरात मी आज जे बोलेन ते पुढे अनेक वर्षे बोलले जाईल. मी देवीकडे पाहिले आणि म्हणालो, “मुली, आई माहेरी आली आहे. नेसविणारीच्या कपाळाकडे ती पाहत नाही. निरी नीट बसली की नाही, एवढेच पाहते.”

मागे बसलेल्या दोघा वृद्धांनी एकमेकांकडे पाहिले, पण उठून कोणी गेले नाही. सुनबाईने साडी आक्कांच्या हाती दिली आणि पिनांचा डबा उघडून पुढे ठेवला.

मास्तर समोर, भिंतीशी, जमिनीवर मांडी घालून बसले होते. आक्कांनी मूठभर पिना उचलल्या, त्या ओठांत धरल्या आणि निऱ्या घालू लागल्या. बोटांनी कापड मोजणे, अंगठ्याने दाबणे, मान तिरपी करून लांबून पाहणे, पुन्हा सोडणे. मधेच सुनबाईला काही सांगावयाचे होते, पण तोंडात पिना, म्हणून भुवयांनीच सांगितले. सुनबाईला ते कळेना. आक्कांच्या ओठांच्या कडा थरथरू लागल्या, खांदे हलू लागले. सुनबाई फिस्सकन हसली, आणि मग सारे घर हसले. पिना तेवढ्या आक्कांनी सांडू दिल्या नाहीत.

शेवटची पिन लावून झाली. पदर खांद्यावर बसला. आक्का मागे सरल्या आणि भावाकडे वळल्या.

“का गा भाऊ, काय पायलं?”

मी त्या मनुष्याला असा कधी पाहिला नव्हता. सांगण्यासारखे त्यांच्यापाशी नेहमी काहीतरी असे.

“अजून पाहूनच राह्यलो, आक्का.”

“मंग पाय. जेवाले येळ हाय,” असे म्हणून त्या आंबील ढवळावयास आत गेल्या.

आश्विनात संग्रह छापावयास गेला. शेवटचे वाक्य बदललेले होते. ‘तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, कारण तोंडात साडीच्या पिना होत्या, आणि तिला हसू येत होते.’ अश्रूंचा थेंब काढून टाकला होता. भाऊबीजेच्या संध्याकाळी प्रकाशकांचा अकोल्याहून फोन आला तेव्हा मी मास्तरांच्या घरीच होतो. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“मास्तर, सारा शेवट गेला हो कथेचा. वाचक रडत होता तिथं.”

मास्तरांच्या कपाळावर त्या सकाळचे कुंकू होते आणि त्यावर एक अक्षत अजून चिकटून होती.

“जाऊ द्या जी,” ते म्हणाले. “आक्कानं ओवायलं मले.”

हे वाचणाऱ्या लेकरांनो, जगदंबा तुमच्या डोळ्यांना धीर देवो, आणि आपल्या माणसांकडे समोर बसून पाहण्याची सवड तुमच्या घरात कधी न सरो. तुमच्या घरची वडीलधारी निरामय राहोत, चूल पेटती राहो, पानांवर अन्न आणि अन्नाभोवती माणसे राहोत. तुमच्या लेखणीतून कोणाची माया न तुटो, आणि तुटलीच, तर ती सांधावयास जाण्याइतके बळ ती माउली तुमच्या पायांत देवो. शुभं भवतु.